नीतीचा तास : मूल्यशिक्षणाचा अभ्यासक्रम घडतो कसा?

सकाळची घंटा होते. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना होते. एक विद्यार्थी सुविचार सांगतो, दुसरा दिनविशेष वाचतो, तिसरी बोधकथा सांगते. पंधरा-वीस मिनिटांत परिपाठ आटोपतो आणि मुले रांगेने वर्गात जातात. महाराष्ट्रातील कोणत्याही मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला हे दृश्य नवे नाही. फळ्याच्या कोपऱ्यात रोज बदलणारा सुविचार अनेकांना पुढे कित्येक वर्षे आठवतो. मात्र फळ्यावरचा सुविचार मुलाच्या वागण्यात उतरतो का, आणि उतरायचा असेल तर शाळेने नेमके काय करावे, हा प्रश्न गेल्या सव्वाशेहून अधिक वर्षांत अनेक आयोग, समित्या आणि न्यायालये यांच्यापुढे आला आहे.

गणिताचा अभ्यासक्रम ठरविताना बेरीज आधी की गुणाकार, याविषयी फारसा वाद होत नाही. नीतीचा अभ्यासक्रम ठरविताना मात्र पहिल्याच पायरीवर अडते. कोणाची नीती? ती धर्मातून घ्यावी की राज्यघटनेतून? तिला स्वतंत्र तास द्यावा की सर्व विषयांत मिसळावे? परीक्षा घ्यावी का, आणि घेतली तर गुण कशाला द्यावेत? या प्रश्नांची उत्तरे काळानुसार बदलत गेली. त्या प्रवासात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे.

हंटर आयोगापुढील दोन मते

सन १८८२ मध्ये ब्रिटिश सरकारने सर विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला. या आयोगाला १९ ऑक्टोबर १८८२ रोजी महात्मा जोतीराव फुले यांनी पुण्याहून निवेदन सादर केले. प्राथमिक शिक्षण सक्तीचे व्हावे, वरिष्ठ वर्गांच्या शिक्षणावर होणारा खर्च बहुजनांच्या शाळांकडे वळवावा, ही त्यातील मागणी सर्वज्ञात आहे. प्राथमिक शाळेत काय शिकवावे याची यादीही त्यांनी दिली होती. मोडी व बाळबोध लिपीतील वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण आणि शेतीचे प्राथमिक ज्ञान यांच्या जोडीला नैतिक कर्तव्ये आणि आरोग्य यांवरील काही धडे असावेत, असे त्यांनी सुचविले. नीती आणि स्वच्छता या दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच ओळीत ठेवल्या. शेतकऱ्याच्या मुलाला रोजच्या जगण्यासाठी जे लागते, त्याचाच नीती हा एक भाग आहे, हा त्यामागील विचार दिसतो.

त्याच आयोगाचे एक सदस्य होते न्यायमूर्ती काशिनाथ त्रिंबक तेलंग. महाविद्यालयांसाठी नैसर्गिक धर्माच्या मूलतत्त्वांवर आधारलेले नीतीचे एक पाठ्यपुस्तक तयार करावे, अशी शिफारस आयोगाने केली. तेलंगांनी तिला विरोध करणारी स्वतंत्र टिपणी जोडली. नीतीचे मूलभूत नियम मोठ्या विद्यार्थ्याला ठाऊकच असतात. ते पुस्तकात छापून पाठ करून घेतल्याने आचरण सुधारत नाही. बुद्धीचा विकास, चांगले साहित्य आणि चांगल्या अध्यापकांचा सहवास यांतून चारित्र्य घडते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. पाठ्यपुस्तकाची ती योजना पुढे बारगळली. लॉर्ड कर्झन यांच्या काळातील १९०४ च्या शैक्षणिक ठरावातही नीतीच्या पुस्तकांपेक्षा निवडक शिक्षक, शिस्त आणि वसतिगृहे यांवर भर देण्यात आला.

फुले आणि तेलंग यांची मते परस्परविरोधी वाटली, तरी त्यांचे विषय वेगळे होते. फुले बोलत होते लहान मुलांच्या शाळेविषयी, तर तेलंग महाविद्यालयातील तरुणांविषयी. वयानुसार नीतीशिक्षणाची पद्धत बदलली पाहिजे, हे आजचे शिक्षणशास्त्र सांगते. त्याची बीजे या दोन भूमिका शेजारी ठेवल्या असता दिसतात.

गोष्टी, आश्रम आणि तकली

मराठी मुलांना छापील नीतिकथा मिळाल्या त्या १८२८ च्या सुमारास. सदाशिव काशिनाथ तथा बापू छत्रे यांनी इसापच्या कथा मराठीत आणल्या, ‘बाळमित्र’ हे पुस्तकही सिद्ध केले. कोल्हा, कावळा, ससा, कासव यांच्याकरवी मुलांना शहाणपण सांगण्याची ही रीत पंचतंत्र आणि हितोपदेशामुळे येथील मातीला परकी नव्हतीच. क्रमिक पुस्तकांत ती कायमची रुजली. विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रेडरिक गूल्ड हे इंग्लंडमधील नीतीशिक्षणाचे पुरस्कर्ते भारतीय मुलांसाठी पुस्तक लिहून १९१३ मध्ये मुंबई इलाख्यात आले. धर्माचा आधार न घेता गोष्टींमधून नीती कशी शिकवावी, याची प्रात्यक्षिके त्यांनी दिली.

याच मातीत दुसरी एक परंपरा वाढली. साने गुरुजी अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते आणि तेथील छात्रालयाची जबाबदारी सांभाळत. मुलांसाठी ते हस्तलिखित दैनिक चालवीत. पुढे १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिले. या पुस्तकाने महाराष्ट्रातील कित्येक पिढ्यांना जे दिले, ते नियमांच्या यादीला देता आले नसते. यातील आई नीतीवर व्याख्यान देत नाही. घरातील साध्या प्रसंगांत ती स्वतः जशी वागते, त्यातून मुलगा शिकतो.

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद झाली. महात्मा गांधींच्या नई तालीमची मांडणी तेथे झाली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने तिचा आराखडा केला. हस्तोद्योग हे शिक्षणाचे केंद्र मानणाऱ्या या योजनेत धर्मशिक्षणाला स्थान नव्हते. धर्माच्या नावाने शिकविल्या जाणाऱ्या गोष्टी जोडण्याऐवजी तोडतात, ही गांधीजींची चिंता होती. सर्व धर्मांना समान असलेली सत्ये मुलांनी शब्दांपेक्षा शिक्षकाच्या दैनंदिन जीवनातून शिकावीत, असे ते मानीत. सूतकताई, सफाई, स्वयंपाक यांतून स्वावलंबन आणि समता अंगी बाणवावी, ही सेवाग्रामची पद्धत होती.

घटनेची चौकट

स्वातंत्र्यानंतर या विषयाला घटनात्मक मर्यादा आली. राज्यघटनेच्या अनुच्छेद २८ नुसार, पूर्णतः सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. सरकारमान्य किंवा अनुदानित अन्य संस्थेत असे शिक्षण दिले जात असेल, तर विद्यार्थ्याला, आणि तो अज्ञान असल्यास पालकाला, संमतीखेरीज त्यात भाग घेण्याची सक्ती करता येत नाही. म्हणजेच नीती शिकवावयाची, पण कोणत्याही एका धर्माची शिकवण म्हणून नव्हे, अशी ही चौकट आहे.

या चौकटीत काय शक्य आहे, हे पाहण्यासाठी केंद्र सरकारने १९५९ मध्ये श्रीप्रकाश यांच्या अध्यक्षतेखाली धार्मिक व नैतिक शिक्षण समिती नेमली. श्रीप्रकाश त्या वेळी मुंबई राज्याचे राज्यपाल होते आणि पुढे महाराष्ट्राचे पहिले राज्यपाल झाले. शाळेचे काम काही मिनिटांच्या मौन चिंतनाने सुरू व्हावे, सर्व धर्मांतील संत व महापुरुष यांच्या चरित्रकथा मुलांना सांगाव्यात, सेवावृत्ती वाढविणारे उपक्रम घ्यावेत, अशा सूचना या समितीने १९६० मध्ये केल्या.

त्यानंतर आला कोठारी आयोग (१९६४-६६). कोल्हापूर जिल्ह्यातील जे. पी. नाईक हे त्याचे सदस्य-सचिव होते. सामाजिक, नैतिक व आध्यात्मिक मूल्यांसाठी वेळापत्रकात आठवड्याला एक किंवा दोन तासिका राखाव्यात, प्राथमिक स्तरावर गोष्टींचा आणि माध्यमिक स्तरावर शिक्षक-विद्यार्थी चर्चेचा मार्ग अवलंबावा, असे आयोगाने म्हटले. ‘धार्मिक शिक्षण’ आणि ‘धर्मांविषयीचे शिक्षण’ यांतील फरकही त्याने स्पष्ट केला. पहिले म्हणजे एखाद्या पंथाच्या श्रद्धेची दीक्षा, तर दुसरे म्हणजे निरनिराळ्या धर्मांचा मोकळ्या मनाने केलेला अभ्यास.

हा फरक पुढे न्यायालयात कळीचा ठरला. नांदेडचे शंकरराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय स्थायी समितीने फेब्रुवारी १९९९ मध्ये मूल्याधिष्ठित शिक्षणाविषयीचा अहवाल सादर केला. सत्य, सदाचार, शांती, प्रेम आणि अहिंसा ही पाच वैश्विक मूल्ये तिने शिक्षणाचा पाया मानली आणि सर्व धर्मांची मूलतत्त्वे मुलांना समजावून द्यावीत, असे सुचविले. २००० च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात हा विचार आला. या आराखड्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले. सप्टेंबर २००२ मध्ये न्यायालयाने आराखडा वैध ठरविला. धर्मांचा अभ्यास म्हणजे अनुच्छेद २८ ने निषिद्ध केलेले धार्मिक शिक्षण नव्हे, असा त्या निकालाचा गाभा होता.

त्याआधी १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या बाजूची मर्यादा सांगितली होती. केरळमधील तीन भावंडे शाळेत राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, परंतु आपल्या पंथाच्या श्रद्धेमुळे ते गात नसत. शाळेने त्यांना काढून टाकले. न्यायालयाने त्यांना पुन्हा प्रवेश देण्याचा आदेश दिला. देशभक्ती हे मूल्य शिकविताना मुलाच्या सद्सद्विवेकाचे स्वातंत्र्य हिरावून घेता येत नाही, हा धडा या निकालाने अभ्यासक्रम करणाऱ्यांनाही दिला.

गाभाघटक आणि दहा मूल्ये

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सर्व अभ्यासक्रमांसाठी दहा गाभाघटक सांगितले. त्यांत स्वातंत्र्य चळवळीचा इतिहास, घटनात्मक जबाबदाऱ्या, राष्ट्रीय अस्मिता, समान सांस्कृतिक वारसा, समता-लोकशाही-धर्मनिरपेक्षता, स्त्री-पुरुष समानता, पर्यावरण संरक्षण, सामाजिक अडसरांचे निर्मूलन, लहान कुटुंबाचा आदर्श आणि वैज्ञानिक दृष्टिकोन यांचा समावेश होता. डी. एड.च्या विद्यार्थ्यांनी हे घटक तोंडपाठ केले आणि पाठ टाचणाच्या वहीत त्यांच्यासाठी स्वतंत्र रकाना आला.

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्राने परिपाठाच्या माध्यमातून मूल्यशिक्षणाला नियमित रूप दिले. त्यासाठी निवडलेली दहा मूल्ये अशी : वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, श्रमप्रतिष्ठा, सौजन्यशीलता, संवेदनशीलता, स्त्री-पुरुष समानता, सर्वधर्मसहिष्णुता, राष्ट्रभक्ती, राष्ट्रीय एकात्मता आणि वैज्ञानिक दृष्टिकोन.

ही यादी बारकाईने पाहिली तर तिच्यात तीन वेगवेगळ्या जातींच्या गोष्टी आढळतात. वक्तशीरपणा आणि नीटनेटकेपणा या सवयी आहेत. त्या सरावाने लागतात. सौजन्य आणि संवेदनशीलता या वृत्ती आहेत. त्यांना अनुभव लागतो. समता, सहिष्णुता आणि वैज्ञानिक दृष्टिकोन या भूमिका आहेत. त्यांच्यासाठी विचार, वाद आणि प्रसंगी घरच्या समजुतींशी मतभेद पत्करण्याची तयारी लागते. या तिन्ही गोष्टी एकाच बोधकथेने साध्य होतील, ही अपेक्षा मूल्यशिक्षणाच्या अपयशाचे एक मोठे कारण ठरते.

मूल्यांची टक्करही होते. एखादी मुलगी घरचे पाणी भरून, धाकट्या भावाला अंगणवाडीत पोहोचवून शाळेत येते आणि परिपाठाला उशीर होतो. वक्तशीरपणा शिकवायचा म्हणून तिला रांगेबाहेर उभे केले, तर बाकीची मुले संवेदनशीलतेविषयी काय शिकतात? अभ्यासक्रमाच्या कागदावर दहाही मूल्ये एकमेकांशेजारी गुण्यागोविंदाने नांदतात. शाळेच्या दारात मात्र शिक्षकाला त्यांतून रोज निवड करावी लागते.

मुलाचे मन कसे घडते?

अभ्यासक्रम वयानुसार आखावयाचा तर मुलांची नैतिक समज कशी वाढते, हे पाहावे लागते. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी गोट्या खेळणाऱ्या मुलांचे निरीक्षण करून १९३२ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. लहान मुलांना खेळाचे नियम मोठ्यांनी घालून दिलेले आणि न बदलणारे वाटतात. मोठी मुले मात्र, सर्वांनी मिळून ठरविले तर नियम बदलता येतो, हे जाणतात. दार उघडताना नकळत पंधरा पेले फोडणारा मुलगा आणि चोरून मुरंबा काढताना एकच पेला फोडणारा मुलगा, यांपैकी अधिक दोषी कोण, असेही पियाजे विचारीत. लहान मुले नुकसान मोजतात, मोठी मुले हेतू पाहतात.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स कोहलबर्ग यांनी १९५८ पासून हा विचार पुढे नेला. शिक्षेच्या भीतीपासून तत्त्वनिष्ठेपर्यंत नैतिक विचाराच्या सहा पायऱ्या त्यांनी मांडल्या. मुलांपुढे पेचप्रसंग ठेवून चर्चा घडवून आणण्याची पद्धत त्यांच्यामुळे शाळांत रुजली. कॅरल गिलिगन यांनी १९८२ मध्ये त्यांच्यावर टीका केली. नीती केवळ न्यायाच्या तर्कावर उभी नसते, नात्यांतील आस्था आणि जबाबदारी हाही तिचा पाया असतो, असे त्यांनी दाखविले.

सर्वांत अस्वस्थ करणारे काम मात्र याहून जुने आहे. ह्यू हार्टशॉर्न आणि मार्क मे यांनी १९२० च्या दशकात अमेरिकेतील सुमारे अकरा हजार मुलांच्या प्रामाणिकपणाची परीक्षा घेतली. उत्तरे पाहून लिहिण्याची, खेळात लबाडी करण्याची, पैसे ठेवून घेण्याची संधी मुलांना मुद्दाम देण्यात आली. १९२८ ते १९३० या काळात प्रसिद्ध झालेल्या अहवालांतून दिसले ते असे, की मुलांची ‘प्रामाणिक’ आणि ‘अप्रामाणिक’ अशी सरळ विभागणी होत नाही. एका प्रसंगी सचोटीने वागणारे मूल दुसऱ्या प्रसंगी लबाडी करते. प्रसंग, सोबती आणि पकडले जाण्याची शक्यता यांचा प्रभाव मोठा असतो. नीतीचे पाठ घेतलेली मुले केवळ त्या पाठांमुळे अधिक प्रामाणिक झाल्याचे दिसले नाही. तेलंगांनी तर्काने मांडलेली शंका या अभ्यासाने जणू मोजून दाखविली.

याचा अर्थ नीती शिकविता येत नाही, असा नव्हे. ‘खरे बोलावे’ हे वाक्य ठाऊक असणे आणि अवघड प्रसंगी खरे बोलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुसरीसाठी सरावाची जागा शाळेने निर्माण केली पाहिजे, असा त्याचा अर्थ आहे.

एका मूल्याचा प्रवास

अभ्यासक्रम तयार करण्याची रीत समजून घेण्यासाठी श्रमप्रतिष्ठा हे एक मूल्य उदाहरणादाखल घेता येईल. ‘विद्यार्थ्यात श्रमप्रतिष्ठा रुजविणे’ हे उद्दिष्ट कागदावर शोभते, पण त्यावरून वर्गात काय करावे ते कळत नाही. म्हणून पहिली पायरी म्हणजे मूल्याचे वर्तनात रूपांतर. श्रमप्रतिष्ठा रुजलेले मूल काय करते? आपले ताट स्वतः धुते, वर्ग झाडण्याच्या पाळीला कुरकुर करीत नाही, शाळेतील शिपाई आणि सफाई कामगार यांना आदराने हाक मारते, वडिलांचा व्यवसाय सांगताना लाजत नाही आणि दुसऱ्याच्या वडिलांच्या व्यवसायावरून त्याला चिडवीत नाही.

दुसरी पायरी वयाची. पहिली-दुसरीत आपल्या वस्तू जागेवर ठेवणे, रोपाला पाणी घालणे एवढे पुरे. तिसरी-चौथीत परिसरातील कुंभार, सुतार, भाजीवाली, वाहक यांच्याशी प्रत्यक्ष बोलून त्यांच्या कामातील कौशल्य समजून घेता येते. पाचवी-सहावीत हिशेब मांडता येतो. एक भाकरी ताटात येईपर्यंत किती हात राबतात आणि कोणाच्या हाती किती पैसा पडतो? सातवी-आठवीत प्रश्न अधिक टोकदार होतात. काही कामे हलकी का मानली गेली? ती ठराविक जातींच्याच वाट्याला का आली? घरातील काम आईनेच का करावे? येथे श्रमप्रतिष्ठेचा पाठ इतिहास, नागरिकशास्त्र आणि स्त्री-पुरुष समानता यांना जाऊन भिडतो.

तिसरी पायरी शाळेच्या स्वतःच्या वागण्याची. वर्ग झाडण्याची पाळी केवळ मुलींवर आणि खुर्च्या-बाके उचलण्याचे काम केवळ मुलांवर येत असेल, पाहुण्यांना पाणी देण्यासाठी ठराविक मुलांनाच बोलावले जात असेल, पोषण आहाराच्या पंक्तीत कोण कोणाशेजारी बसते याकडे कानाडोळा होत असेल, तर फळ्यावरचा सुविचार काहीही असो, मुले तेथे दुसराच अभ्यासक्रम शिकत असतात. शिक्षणशास्त्रात त्याला छुपा अभ्यासक्रम म्हणतात. तो कोणत्याही समितीने मंजूर केलेला नसतो, पण त्याची शिकवणी वर्षातील प्रत्येक दिवशी होते.

या छुप्या अभ्यासक्रमातील सर्वांत मोठा धडा छडीचा होता. अहिंसेची गोष्ट सांगून झाल्यावर गृहपाठ न केलेल्या मुलाच्या हातावर छडी बसली, की मुलाच्या लक्षात राहते ती छडीच. २००९ च्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियमाच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई केली. याच कायद्याच्या कलम २९ ने अभ्यासक्रम घटनेतील मूल्यांशी सुसंगत असावा आणि मूल भयमुक्त व्हावे, असे बंधन घातले. मूल्यशिक्षण हा त्यामुळे हौसेचा उपक्रम राहिला नाही. त्याला कायद्याचा आधार आहे.

गुण कशाला द्यावेत?

शाळेत ज्याची परीक्षा नाही ते दुय्यम ठरते, हा सार्वत्रिक अनुभव आहे. दहावीचे वर्ष जवळ आले की मूल्यशिक्षणाच्या तासाला गणिताची जादा तासिका भरते. म्हणून या विषयाला गुण असावेत, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. परंतु गुण ठेवले की मुले अपेक्षित उत्तर लिहितात. ‘रस्त्यात पैशांचे पाकीट सापडल्यास तू काय करशील?’ या प्रश्नाला परीक्षेत एकच उत्तर येते. त्यावरून मुलाची सचोटी कळत नाही, त्याला परीक्षा कळते एवढेच कळते.

महाराष्ट्रात २०१० मध्ये पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. विद्यार्थ्याच्या आवडी, सवयी आणि व्यक्तिमत्त्व यांविषयी वर्णनात्मक नोंदी करणे त्यात अपेक्षित होते. कल्पना उत्तम होती. मोठे वर्ग आणि शालाबाह्य कामांचा बोजा यांमुळे नोंदींचे तयार नमुने मात्र लवकरच सर्वत्र फिरू लागले. ‘इतरांशी आदराने वागतो’ हे वाक्य साठ मुलांच्या साठ पत्रकांत सारखेच उमटले, तर त्याचा पालकाला उपयोग नाही आणि मुलालाही नाही.

जपानचा अनुभव या बाबतीत उद्बोधक आहे. युद्धपूर्व जपानमध्ये नीतीशिक्षण हा सक्तीचा विषय होता आणि सम्राटनिष्ठा हा त्याचा गाभा होता. पराभवानंतर, १९४५ च्या अखेरीस, तो बंद करण्यात आला. १९५८ मध्ये आठवड्यातील एक तास म्हणून नीतीशिक्षण परतले. पुढे, शाळकरी मुलांच्या छळाच्या घटनांनी देश हादरल्यानंतर, २०१८ मध्ये प्राथमिक आणि २०१९ मध्ये कनिष्ठ माध्यमिक शाळांत त्याला विशेष विषयाचा दर्जा मिळाला. तेव्हाही गुण किंवा श्रेणी न देता मुलाच्या प्रगतीचे शब्दांत वर्णन करावे, असेच ठरले. राज्यसत्तेच्या हाती नीतीचे पुस्तक गेले की काय होऊ शकते, याची आठवण त्या समाजात अजून ताजी आहे.

घटनेकडून वर्गाकडे

गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रातील मूल्यशिक्षणाचा रोख राज्यघटनेकडे वळलेला दिसतो. शांतिलाल मुथ्था फाउंडेशनने २००९ मध्ये बीड जिल्ह्यातील जिल्हा परिषद शाळांत ‘मूल्यवर्धन’ हा कार्यक्रम सुरू केला. पुढे राज्य शासनाच्या सहकार्याने तो इतर जिल्ह्यांत गेला. न्याय, स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही घटनेच्या उद्देशिकेतील मूल्ये त्याच्या केंद्रस्थानी आहेत. उपदेशाऐवजी जोडीत आणि गटात बसून चर्चा, खेळ आणि कृती यांवर त्याची रचना आहे. दुसऱ्याचे बोलणे पूर्ण होईपर्यंत थांबणे, मतभेद असताना भांडण न करता मत मांडणे, वर्गाचे नियम सर्वांनी मिळून ठरविणे, अशा लहान गोष्टींतून समता आणि स्वातंत्र्य यांसारखे मोठे शब्द मुलांच्या आवाक्यात आणण्याचा हा मार्ग आहे. शाळांमध्ये उद्देशिकेचे सामूहिक वाचन व्हावे, असे निर्देश राज्य शासनाने जानेवारी २०२० मध्ये दिले. दिल्ली सरकारने जुलै २०१८ मध्ये आपल्या शाळांत सुरू केलेल्या ‘आनंद अभ्यासक्रमा’तही गोष्ट, चर्चा आणि चित्त स्थिर करण्याचा सराव यांवर भर होता.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मुलांना लहानपणापासून ‘योग्य तेच का करावे’ याचा विचार करावयास शिकवावे, असे म्हटले. पंचतंत्र, जातककथा आणि हितोपदेश यांचाही त्यात उल्लेख आहे. त्यावर आधारित राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २०२३ मध्ये आला. मे २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या शालेय शिक्षण आराखड्याचा मसुदा हरकतींसाठी प्रसिद्ध झाला, तेव्हा जुना वाद पुन्हा उफाळला. मनाचे श्लोक आणि गीतेतील अध्याय यांचे पाठांतर, तसेच मनुस्मृतीतील श्लोकाचा उल्लेख, यांवर तीव्र आक्षेप घेण्यात आले. परंपरेतील उत्तम ते मुलांना का देऊ नये, असे एका बाजूचे म्हणणे होते. ज्या ग्रंथाने मोठ्या समाजाला शिक्षण नाकारले त्याचा आधार नीतीच्या प्रकरणात कशाला, असा दुसऱ्या बाजूचा प्रश्न होता. हंटर आयोगाच्या काळापासून चालत आलेला ‘कोणाची नीती?’ हा प्रश्न अद्याप मिटलेला नाही, हेच त्यातून दिसले.

अर्थात वाद होणे हे वाईट लक्षण नव्हे. ज्या समाजात अनेक धर्म, जाती आणि भाषा आहेत, तेथे मुलांच्या नीतीचा आराखडा उघड चर्चेतूनच ठरला पाहिजे. या चर्चेत बहुधा ज्यांचा आवाज ऐकू येत नाही ते दोन घटक म्हणजे शिक्षक आणि पालक. मूल्यशिक्षणाच्या हस्तपुस्तिका भरपूर निघाल्या. मात्र वर्गातील अवघड चर्चा कशी हाताळावी, जातीवरून चिडविलेल्या मुलाला कसे सावरावे आणि चिडविणाऱ्याला कसे समजवावे, याचे प्रशिक्षण त्या प्रमाणात मिळाले नाही. पालकांचेही तसेच. सिग्नल तोडून मुलाला वेळेवर शाळेत पोहोचविणारे वडील त्याला वक्तशीरपणा शिकवितात आणि त्याच क्षणी कायदा मोडण्यासही शिकवितात.

परिपाठ बंद करावा, असा याचा निष्कर्ष नव्हे. रोज सकाळी सर्वांनी एकत्र उभे राहण्यात, एखादी चांगली गोष्ट ऐकण्यात मोल आहेच. त्या गोष्टीवर प्रश्न विचारण्याची मुभा मुलांना असावी आणि दिवसभराच्या शाळेने ती गोष्ट खोटी पाडू नये, एवढी अपेक्षा आहे. उद्या सकाळी पुन्हा घंटा होईल, फळ्यावर नवा सुविचार येईल. पाणी भरून आलेली ती मुलगी कदाचित पुन्हा उशिरा पोहोचेल. तिला रांगेत जागा करून दिली जाते की नाही, याकडे वर्गातील सगळ्या मुलांचे लक्ष असेल.